कोटेशन मागितलंत का?

एका वाचक ताईंचं पत्र थोडक्यात असं आहे (कंसातलं माझं):

"शिरोली एमआयडीसीत आमचं मशीन शॉप होतं. ३१ वर्षं चालवलं. मुलगा बंगळूरला नोकरीत रमला, त्याला यात यायचं नव्हतं. मुलगी सांगलीला दिली आहे. दिवाळीनंतर शॉप जागेसकट विकलं. कर्ज, कामगारांची देणी, कर सगळं भागवून ९ कोटी हातात राहिले. रक्कम खात्यात पडली त्याच आठवड्यात बँकेतून फोन आला. आता आमच्यासाठी वेगळा साहेब, वेगळी केबिन, वेगळा चहा. तो बँकेतला मुलगा घरी येतो, मला काकू म्हणतो, दिवाळीची काजूकतली उशिरा का होईना घेऊन आला. पुण्याला मोठ्या हॉटेलात जेवायलाही नेलं. त्याने आराखडा दिलाय तो असा: वर्षाला ५० लाख हप्त्याची युलिप पॉलिसी (विमा आणि बाजारातली गुंतवणूक एकत्र), पाच वर्षं; पीएमएस (मॅनेजर तुमच्या नावाने शेअर घेतो-विकतो) २ कोटी; एआयएफ (मोठ्या रकमांचा खासगी फंड) २ कोटी; बाजारात न आलेल्या कंपन्यांचे शेअर १ कोटी; बाँड दीड कोटी; उरलेल्या २ कोटींची एफडी, आणि अडीनडीला त्या एफडीवर ओव्हरड्राफ्ट. पॉलिसीवर यांनी सही केली, चेकही गेला. बाकीचे फॉर्म टेबलावर पडून आहेत. आमचा मुलगा म्हणतो, सगळे इंडेक्स फंडात (बाजाराच्या निर्देशांकातलेच शेअर घेणारा फंड) टाका आणि झोपा. हे म्हणतात, सीसी लिमिट (धंद्यासाठीच्या बँक कर्जाची मर्यादा) वाढवून घ्यायला मॅनेजरच्या केबिनबाहेर तासन्‌तास बसलोय मी, आता बँक आपल्या दारात आलीय तर हाकलून देऊ का? घरखर्च महिना सव्वा लाखाच्या आत आहे. यांचं वय ६३, माझं ६०. शॉप यांच्या एकट्याच्या नावावर होतं, त्यामुळे पैसेही. मला यातलं काही कळत नाही, पण रात्री पोटात गोळा येतो."

ताई,

आधी पॉलिसीचं बघू. बाकीचं सगळं थांबू शकतं, ते नाही.

पॉलिसीचे कागद घरी आले का? आले असतील तर पाकीट फेकू नका, त्यावरची तारीख बघा. ई-मेलवर आले असतील तर ती तारीख. कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते. याला फ्री लूक म्हणतात. कारण द्या, अर्जावर सही करा, कंपनीच्या शाखेत नेऊन पोच घ्या. तेवढ्या दिवसांचं विम्याचं शुल्क, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि मुद्रांक शुल्क कापून बाकीची रक्कम परत येते. युलिप असल्याने मधल्या काळात बाजार वरखाली झाला असेल तर तेवढा फरक पडेल, बस. अर्ज बँकेतल्या त्या मुलाच्या हातात देऊ नका. तो हरवेल असं म्हणत नाही, पण एकतिसाव्या दिवशी सापडेल.

दुसरं, विमा कंपनीकडून खातरजमेचा फोन आला होता का? "काका, एक फोन येईल, सगळ्याला हो म्हणायचं" असं त्याने आधी सांगितलं होतं का? हा फोन रेकॉर्ड होतो. पुढे तक्रार केली की तेच रेकॉर्डिंग तुम्हाला ऐकवलं जातं. राहिलेल्या फॉर्मवरचा मोबाइल नंबर आणि ई-मेल तुमचाच आहे ना, तेही चष्मा लावून वाचा.

पॉलिसी परत का करायची? वयाच्या ६३व्या वर्षी विम्याचं शुल्क महाग पडतं आणि ते दर महिन्याला तुमची युनिट विकून वसूल होतं. वर्षाचा हप्ता अडीच लाखांच्या वर गेला की युलिपचा करमाफीचा फायदाही उरत नाही, नफ्यावर कर लागतो. पाच वर्षं पैसे अडकतात. आणि मुलं आपापल्या पायावर उभी असताना, ९ कोटी हाताशी असताना, हा विमा नेमका कोणासाठी?

याहून मोठी गोष्ट त्या आराखड्यातच लपलीय. मी तो कागद-पेन्सिल घेऊन मांडून बघितला. ५० लाख, २ कोटी, २ कोटी, १ कोटी, दीड कोटी आणि २ कोटी, बेरीज बरोबर ९ कोटी. पण यात पॉलिसीचा एकच हप्ता आहे. पुढचे चार, म्हणजे आणखी २ कोटी, कुठून यायचे? हाताशी राहतात फक्त एफडीतले २ कोटी. म्हणजे पाच वर्षांनंतर तुमच्या घरात लगेच मोडता येईल अशी एकही ठेव नाही. आणि मध्ये ओव्हरड्राफ्ट काढला असेल तर ती एफडी तारण. आराखडा करणाऱ्याला ही बेरीज येत नव्हती असं मला वाटत नाही.

आता माझं सांगतो, म्हणजे मी हे कोणत्या तोंडाने बोलतोय ते तुम्हाला कळेल. २७ वर्षं बँकेत काढली, शेवटची काही 'वेल्थ' या विभागात. २००७चा मार्च. टार्गेट अपुरं. साताऱ्याकडचे एक निवृत्त मुख्याध्यापक ग्रॅच्युइटीचे ३ लाख घेऊन एफडी करायला आले होते. मी त्यांना युलिप दिली. तेव्हाच्या युलिपमध्ये पहिल्या हप्त्यातून वाटेल तेवढं कापलं जायचं, त्यांचे ९० हजार गेले. हे फॉर्मवर लिहिलेलं होतं, मी बोटाने दाखवलं नाही, इतकंच. दोन वर्षांनी गुरुजी आले. स्टेटमेंटची चार घड्या घातलेली. म्हणाले, "साहेब, यात छपाईची चूक झालीय का, जरा बघता?" चूक झाली नव्हती. पुढे १ सप्टेंबर २०१० पासून विमा नियामकाने या शुल्कांना वेसण घातली. गुरुजींना त्याचा काही उपयोग नव्हता.

म्हणून तो मुलगा वाईट आहे असं मी म्हणणार नाही. मीही वाईट नव्हतो. पण तो तुमच्याकडून एक रुपया फी घेत नाही, मग त्याचा पगार, ते पुण्यातलं जेवण, ती केबिन कशातून निघते? विमा कंपनी, पीएमएसवाले, फंडवाले, सगळे बँकेला कमिशन देतात. एफडीवर बँकेला जे मिळतं त्यापेक्षा ५० लाखांच्या पॉलिसीवर कितीतरी जास्त मिळतं. त्याच्या आराखड्यात सगळ्यात आधी सही कशावर झाली, बघा. दोन-तीन वर्षांत तो दुसऱ्या बँकेत जाईल, नवा मुलगा येईल आणि म्हणेल, "काकू, हे आधीचं तुम्हाला कुणी दिलं?"

अशा वेगळ्या केबिनच्या सेवेला प्रायव्हेट बँकिंग म्हणतात. त्याची जुनी परंपरा जिनिव्हाकडची. तिथल्या लोम्बार ओदिए, पिक्टे यांसारख्या पेढ्या अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला निघाल्या. त्यांचे भागीदार अमर्याद जबाबदारी घेत. पेढी बुडाली तर भागीदाराचं घरदारही जायचं. 'प्रायव्हेट' ते होतं. २०१४ मध्ये या दोन्ही पेढ्यांनीही ती पद्धत सोडली. तुमच्याकडे येणाऱ्या मुलाचं काहीच पणाला लागलेलं नाही. असलाच तर या तिमाहीचा बोनस.

तुमच्या यजमानांचं वाक्य मात्र मला लागलं. केबिनबाहेर तासन्‌तास बसलेला माणूस आहे तो. त्याला आज कुणी "सर" म्हणून दार उघडतंय, त्यात सुख वाटणारच. त्यांना "तो तुम्हाला फसवतोय" म्हणालात तर ते त्या मुलाची बाजू घेतील, कारण प्रश्न त्यांच्या अक्कलहुशारीचा होईल. तसं करू नका. त्यांना त्यांच्याच भाषेत विचारा. ३१ वर्षांत कोटेशन न मागवता एक तरी कास्टिंग घेतलं का? रेट ठरवला, रिजेक्शन कुणाच्या माथी ते ठरवलं, मग पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, काढला. नवीन व्हेंडरला पहिल्याच दिवशी पाच हजार पीसची ऑर्डर दिली का? आधी सॅम्पल मागवले, पहिला पीस गेजला लावला, मगच लॉट. मशीनच्या आवाजावरून बेअरिंग गेलंय हे ओळखणारा माणूस असतो तो. ९ कोटींच्या ऑर्डरला कोटेशन नाही, हे त्यांना सांगावं लागणार नाही. आठवण करून दिली की पुरे.

तर त्यांनीच त्या मुलाला मेल करावा. तोंडी विचारू नये. प्रत्येक वस्तूपुढे चार गोष्टी लिहून मागाव्यात: वर्षाला आमचे एकूण किती रुपये कापले जातील, टक्के नको, रुपये. त्यातले बँकेला किती मिळतात. आम्हाला उद्या पैसे हवे झाले तर कोणत्या तारखेला किती मिळतील. आणि बाजार कोसळला तसं २००८ किंवा २०२० सारखं वर्ष आलं तर २ कोटींचे किती होऊ शकतात. टक्क्यांत सगळं लहान दिसतं, म्हणून रुपये. पीएमएसचं उदाहरण घ्या. ठरावीक फी अडीच टक्के धरली तर २ कोटींवर वर्षाला ५ लाख, वर १८ टक्के जीएसटी, झाले ५ लाख ९० हजार. महिन्याला ४९ हजार. शॉपमध्ये व्हीएमसी मशीन चालवणाऱ्या चांगल्या ऑपरेटरला तुम्ही काय देत होतात? तो निदान आठ तास उभा राहायचा आणि जॉब काढून द्यायचा. ही फी नफा होवो न होवो, जातेच.

पीएमएस ही मुळात वाईट गोष्ट नाही. शेअर तुमच्याच डिमॅटमध्ये राहतात, हे चांगलं. पण मॅनेजरने घेतलेला-विकलेला प्रत्येक शेअर तुमच्या नावावर मोजला जातो, वर्षाच्या आत विकून नफा झाला की त्यावर २० टक्के कर तुमच्या रिटर्नमध्ये. म्युच्युअल फंडात आतल्या खरेदी-विक्रीचा कर तुम्हाला लागत नाही. बाजाराची नियामक सेबी, तिने पीएमएसची किमान रक्कम ५० लाख ठेवलीय आणि मध्यस्थाशिवाय थेट खातं उघडायची सोयही दिलीय. हवीच असेल तर थेट जा, ५० लाखांनी सुरुवात करा. पहिला पीस.

एआयएफ सोडून द्या. किमान १ कोटी, बऱ्याचदा सात-आठ वर्षं कुलूप, आणि पैसे एकदम न घेता ते बोलावतील तसे द्यायचे. म्हणजे २ कोटींचा शब्द देऊन तेवढी रक्कम सदैव तयार ठेवायची. सत्तरी गाठेपर्यंत अडकून पडायला तुम्हाला काही कारण नाही.

बाजारात न आलेल्या शेअरांबद्दल एक ताजा किस्सा यजमानांना सांगा. एचडीबी फायनान्शिअल या कंपनीचा आयपीओ, म्हणजे शेअरची पहिली जाहीर विक्री, २०२५च्या जूनमध्ये आला, किंमतपट्टा ७०० ते ७४० रुपये. त्याआधी तोच शेअर लोकांनी अनलिस्टेड बाजारात बाराशेच्या वर घेतला होता, "आयपीओ आला की दुप्पट" असं ऐकून. कंपनी चांगली असूनही हे झालं. भाव कुठे छापून येत नाही, सांगेल तो भाव, अशा बाजारात १ कोटी कशाला?

बाँडवर मात्र थांबतो, कारण 'बाँड' या शब्दाला आपल्याकडे एफडीचा थोरला भाऊ समजतात. मार्च २०२० मध्ये येस बँक अडचणीत आली. ठेवीदारांचे पैसे वाचले, पण त्या बँकेचे एटी-१ नावाचे बाँड होते, ८,४१५ कोटींचे, ते शून्यावर लिहिले गेले. सेबीने २०२१ मध्ये यावर आदेश काढला, त्यात हे बाँड ग्राहकांना 'सुपर एफडी' म्हणून खपवल्याची नोंद आहे. २७७ ग्राहकांनी तर मुदतीआधी एफडी मोडून सुमारे ८० कोटी त्यात घातले होते. ते प्रकरण मग अपिलात आणि वरच्या कोर्टांत गेलं, तिथलं काय व्हायचं ते होईल. विकत घेणारे अडाणी नव्हते. त्यांच्याकडेही असाच एखादा मुलगा येत असणार. तेव्हा तुमच्या दीड कोटींपुढे बाँडचं पूर्ण नाव, रेटिंग, आणि कंपनी बुडाली तर पैसे मिळण्याच्या रांगेत हा कितवा, हे लिहून घ्या. व्याज एफडीपेक्षा दोन टक्के जास्त का, याचं उत्तर त्या रांगेत असतं.

आता तुम्हाला खरंच लागतं किती? सव्वा लाख गुणिले बारा, १५ लाख. ९ कोटींना १५ लाखांनी भागा: साठ वर्षं, तेही एक पैसा व्याज न धरता. नुसत्या ४ कोटींची साडेसहा टक्क्यांनी एफडी केली तर वर्षाला २६ लाख व्याज. आत्ताच्या नव्या करप्रणालीत त्यावर साधारण पावणेचार लाख कर. हातात बावीस लाख. घरखर्च भागून सात लाख उरतात. महागाई वाढेल, दवाखाना येईल, तरी दुसरे ५ कोटी बाजूला आहेतच. तुमच्या शर्यतीत आता कुणी मागे लागलेलं नाही. तो मुलगा "काका, पैसा बसून राहिला की सडतो" म्हणतो ना? सडू दे सहा महिने.

सहा महिने खरोखर काही करू नका. रक्कम दोन-तीन मोठ्या बँकांत विभागून थोड्या मुदतीच्या एफडीत ठेवा. ठेवविमा एका बँकेत एका ठेवीदाराला फक्त ५ लाखांचा आहे, म्हणून बँक मोठी बघा. ओळखीच्या पतसंस्थेचे चेअरमन येतीलच, एक टक्का जास्त देतो म्हणून. पतसंस्थेला तर हा ५ लाखांचाही विमा नाही. यजमानांना कागदाची हौस असेल तर रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट खात्यातून १८२ दिवसांची ट्रेझरी बिलं, म्हणजे सरकारची अल्प मुदतीची कर्जपत्रं, घेता येतात, खातं फुकट उघडतं. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत दोघांचे ३०-३० लाख डोळे झाकून घाला, दर तिमाहीला व्याज हातात पडतं.

मुलाचं अर्धं बरोबर आहे. इंडेक्स फंड स्वस्त आहे, सरळ आहे, आणि डायरेक्ट प्लॅन घेतला तर मधलं कमिशनही नाही. पण सगळे ९ कोटी एकदम? तो पस्तिशीत आहे, त्याचे वडील ६३. २००८ मध्ये जानेवारी ते ऑक्टोबर या दहा महिन्यांत सेन्सेक्स निम्म्याहून खाली आला होता. ते बघून यजमान झोपले असते का? माझ्या मते दोन-अडीच कोटी, तेही दीड-दोन वर्षांत थोडे थोडे करून. यावर मुलगा माझ्याशी भांडेल. भांडू दे.

आणि सल्ला विकत घ्या. सेबीकडे नोंदलेले गुंतवणूक सल्लागार असतात, त्यांना तुम्ही फी द्यायची आणि त्यांनी कंपन्यांकडून कमिशन घ्यायचं नाही. ठरावीक फीची पद्धत घेतली तर एका कुटुंबाकडून वर्षाला कमाल १ लाख ५१ हजार, ही सेबीचीच मर्यादा. यजमान म्हणतील, नुसत्या बोलण्याचे दीड लाख? त्यांना ते पीएमएसचे ५ लाख ९० हजार दाखवा. नाव सेबीच्या वेबसाइटवर तपासा. 'सल्लागार' अशी पाटी लावून एजन्सी चालवणारे आपल्या कोल्हापूरच्या राजारामपुरीतही पुष्कळ आहेत.

शेवटचं तुमच्यासाठी, ताई. पत्रात एक वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय: पैसेही यांच्या एकट्याच्या नावावर. एफडी दोघांच्या नावावर करून घ्या, 'दोघांपैकी कुणीही किंवा हयात असेल तो' या पद्धतीने. एखाद-दोन कोटी फक्त तुमच्या नावावर हवेत. सीए म्हणेल, नवऱ्याने दिलेल्या पैशावरचं व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात, कर काही वाचत नाही. खरं आहे. कर वाचवायला हे करायचंच नाहीये. यजमान आठ दिवस आयसीयूत असले तर चेकवर सही कोण करणार, त्यासाठी करायचंय. मृत्युपत्रही दोघांनी करा, दोन साक्षीदार पुरतात. नॉमिनी म्हणून मुलाचं नाव लिहिलं की झालं, असं समजू नका. नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, मालक वारस ठरतात, आणि सांगलीची लेकही वारस आहे.

त्या मुलाशी भांडू नका. खातं त्या बँकेत राहू द्या, लॉकर वापरा, चहा प्या. आज संध्याकाळी एवढंच करा: पॉलिसीचं पाकीट काढा, तारीख बघा आणि कॅलेंडरवर त्यापुढचा पंचविसावा दिवस लाल पेनाने गोल करा. अर्ज त्याच्या आधी जायला हवा. यजमानांच्या मेलला रुपयांतलं लेखी उत्तर आलं, तर नावं झाकून मला पाठवा. इतक्या वर्षांत असं उत्तर मी एकदाही पाहिलेलं नाही, मलाही बघायचंय.